राजा रविवर्मा

राजा रविवर्मा (२९ एप्रिल १८४८, किळिमानूर – २ ऑक्टोबर १९०६) हे तैलरंगात भारतीय पौराणिक विषय रंगविणारे एकोणिसाव्या शतकातील अग्रगण्य चित्रकार होत. त्रावणकोर संस्थानात जन्मलेल्या रविवर्मा यांच्या आयुष्याचा महत्त्वाचा काळ बडोदे, मुंबई आणि लोणावळ्याजवळील मळवली यांच्याशी निगडित आहे. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला आणि राजवाड्यांतील चित्रे अल्प किमतीच्या रंगीत छापांच्या रूपाने सामान्य घरांत पोहोचविली. पुढे हीच चित्रे दिनदर्शिका, आगपेट्या आणि कापडाच्या गठ्ठ्यांवरील लेबले यांवरही झळकली. त्यामुळे जुन्या जाहिरात-वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांच्या दृष्टीनेही रविवर्मा हे महत्त्वाचे नाव ठरले आहे. ज्या छापखान्याने त्यांचे नाव घरोघरी नेले, तोच छापखाना कर्जापायी त्यांना विकावा लागला.

बालपण आणि शिक्षण

रविवर्मा यांचा जन्म किळिमानूर येथील राजघराण्यात झाला. त्यांच्या आई उमायंबा या काव्यरचना करीत आणि वडील नीलकंठन भट्टतिरिपाद हे संस्कृतचे व्यासंगी होते. कुटुंबात कथकली, संगीत आणि पुराणवाचन यांचा वावर होता. मामा राजराज वर्मा तंजावर शैलीत चित्रे काढीत. भाच्याचा कल ओळखून त्यांनीच त्याला चित्रकलेचे पहिले धडे दिले. भावंडांपैकी धाकटे बंधू सी. राजराज वर्मा आणि भगिनी मंगलाबाई यांनीही चित्रकलेत प्रावीण्य मिळविले.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १८६२ साली, रविवर्मा तिरुवनंतपुरमला आले. महाराज आयिल्यम तिरुनाल यांच्या आश्रयाने त्यांना राजवाड्यातील चित्रसंग्रह पाहता आला. तैलरंग हे तंत्र त्या काळी दक्षिणेत नवे होते व ते जाणणारे थोडेच होते. दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांनी ते शिकविण्याचे टाळले. १८६८ साली थिओडोर जेन्सन हे युरोपीय व्यक्तिचित्रकार दरबारात आले, तेव्हा त्यांनी रविवर्मा यांना आपले काम पाहण्याची मुभा दिली. रीतसर शिक्षण असे ते मिळाले नाही. निरीक्षण आणि अखंड सराव यांच्या बळावरच त्यांनी हे माध्यम आत्मसात केले.

१८६६ साली त्यांचा विवाह मावेलिक्करा येथील राजघराण्यातील भागीरथीबाई यांच्याशी झाला.

चित्रकार म्हणून उदय

१८७३ साली मद्रास येथील प्रदर्शनात केशरचना करणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातही ते चित्र पारितोषिकास पात्र ठरले. पुढे दुष्यंताला पत्र लिहिणाऱ्या शकुंतलेचे चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतले. संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी यांच्याकडून व्यक्तिचित्रांची मागणी वाढू लागली.

त्यांच्या शैलीचा गाभा युरोपीय वास्तवदर्शी तंत्र आणि भारतीय कथाविषय यांच्या मिलाफात होता. छायाप्रकाश, यथादर्शन, कापडाचे पोत आणि दागिन्यांची चमक ही साधने पाश्चात्त्य होती. त्यातून उभी राहणारी दमयंती, सीता किंवा मत्स्यगंधा मात्र पाहणाऱ्याला परिचयाची वाटे. पुराणातील पात्रांना त्यांनी हाडामांसाच्या माणसाचा देह दिला.

बडोदे आणि मुंबई

त्रावणकोरचे माजी दिवाण टी. माधवराव हे १८७५ नंतर बडोदे संस्थानाचे दिवाण झाले. त्यांच्या ओळखीतून रविवर्मा १८८१ साली सयाजीराव गायकवाड यांच्या राज्याधिकारग्रहणाच्या वेळी बडोद्यास गेले. तेथे त्यांनी राजपरिवाराची व्यक्तिचित्रे काढली.

१८८८ साली सयाजीरावांनी त्यांच्याकडे रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील प्रसंगांवर आधारित चौदा चित्रांचे काम सोपविले. या पात्रांना वेशभूषा कोणती द्यावी, हा मोठा प्रश्न होता. प्रत्येक प्रांताची वस्त्रे निराळी. त्यामुळे देशातील सर्वांना आपली वाटेल अशी शकुंतला किंवा द्रौपदी रंगविणे सोपे नव्हते. रविवर्मा आणि त्यांचे बंधू उत्तर हिंदुस्थानात हिंडले आणि अखेर त्यांनी साडीची निवड केली. त्यांच्या अनेक नायिका आणि देवता मराठी वळणाने नेसलेल्या साडीत दिसतात. आज लक्ष्मी किंवा सरस्वती म्हटले की डोळ्यांपुढे जी साडी येते, तिचे मूळ बऱ्याच अंशी या निवडीत आहे.

१८९० साली ही चित्रे पूर्ण झाली. नळ-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका, हरिश्चंद्र-तारामती असे विषय त्यांत होते. बडोदे आणि मुंबई येथे ती लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली, तेव्हा मोठी गर्दी लोटली. राजवाड्याच्या भिंतीसाठी काढलेल्या चित्रांना राजवाड्याबाहेर किती मोठा प्रेक्षकवर्ग आहे, हे त्या गर्दीने दाखवून दिले. १८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांची दहा चित्रे मांडली गेली आणि त्यांना दोन पदके मिळाली.

छापखान्याची स्थापना

एकटा चित्रकार देशभरातील मागणी पुरी करू शकणार नाही, हे माधवरावांनी आधीच हेरले होते. काही निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे रंगीत छाप काढून घ्यावेत, असे त्यांनी १८८४ साली रविवर्मा यांना सुचविले होते. दहा वर्षांनी रविवर्मा यांनी त्याहून धाडसी निर्णय घेतला. परदेशात छपाई करून घेण्याऐवजी त्यांनी १८९४ साली मुंबईतच रविवर्मा फाइन आर्ट लिथोग्राफिक प्रेस हा छापखाना सुरू केला. गोवर्धनदास खटाव मखनजी हे या उद्योगात त्यांचे भागीदार होते. यंत्रे जर्मनीहून आणली गेली आणि ती चालविण्यासाठी जर्मन तंत्रज्ञही आले. शकुंतलेच्या जन्माचे चित्र हा छापखान्याचा पहिला छाप होय.

धार्मिक चित्रांची छपाई देशात त्यापूर्वीही होत असे. पुण्याच्या चित्रशाळेने आणि कलकत्त्याच्या आर्ट स्टुडिओने १८७० च्या दशकातच देवदेवतांचे रंगीत छाप बाजारात आणले होते. तैलचित्राचा भास व्हावा अशी रंगांची घनता आणि चेहऱ्यावरील भाव ही रविवर्मा यांच्या छापांची विशेषता होती.

शिळामुद्रणाची पद्धत

या छापांना ओलिओग्राफ म्हणतात. शिळामुद्रणात विशिष्ट प्रकारच्या गुळगुळीत चुनखडकावर स्निग्ध शाईने आकृती काढतात. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या साध्या तत्त्वावर सारी प्रक्रिया चालते. ओलसर दगडावर फिरविलेली छपाईची शाई फक्त आकृतीच्या जागी धरली जाते आणि कागद दाबला की तिचा ठसा उमटतो. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा करावा लागे. एका चित्रास अनेक दगड लागत आणि तोच कागद तितक्याच वेळा यंत्राखालून जाई. एखाद्या दगडाची जुळणी केसभर चुकली तरी ओठाचा रंग ओठाबाहेर जाई.

गडद-फिका उतार साधण्यासाठी कारागीर दगडावर हाताने बारीक ठिपके देत असत. शेवटी कागदावर रोगण चढवीत. कधी कॅनव्हासच्या विणीसारखा उठाव दाबून छापाला तैलचित्राचे रूप देत. मूळ चित्र रविवर्मा यांचे असले तरी ते दगडावर उतरविणारे हात या कारागिरांचे होते आणि त्यांतील बहुतेकांची नावे मागे राहिलेली नाहीत.

कर्ज, प्लेग आणि विक्री

छाप लोकप्रिय झाले, पण छापखाना फायद्यात आला नाही. परदेशी यंत्रे, कागद, शाई आणि तंत्रज्ञांचे वेतन यांचा खर्च मोठा होता. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. कामगार शहर सोडून जाऊ लागले आणि व्यापार मंदावला. भागीदारीही टिकली नाही. १८९९ साली छापखाना मुंबईहून कार्ल्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. लोहमार्गालगतचे हे ठिकाण मुंबई आणि पुणे या दोन्ही बाजारपेठांना सोयीचे होते.

छापखान्याचा दैनंदिन भार मुख्यतः धाकटे बंधू राजराज वर्मा यांच्यावर होता. ते स्वतः कुशल चित्रकार होते आणि मोठ्या चित्रांच्या कामात बंधूंना साहाय्य करीत. त्यांच्या इंग्रजी दैनंदिनीतून दोघा भावांचे प्रवास, मुंबईतील मुक्काम आणि छापखान्याच्या विवंचना यांची माहिती मिळते. कर्ज फेडण्यासाठी चित्रे रंगवावीत आणि चित्रांचे पैसे छापखान्यात घालावेत, असे हे चक्र काही वर्षे चालले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत रविवर्मा यांनी हा छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. यंत्रांबरोबर अनेक चित्रे पुन्हा छापण्याचे हक्कही त्याच्याकडे गेले. छापखान्याचे नाव मात्र तेच राहिले. त्यानंतर निघालेल्या लाखमोलाच्या लोकप्रियतेत चित्रकाराचे नाव होते, मिळकत मात्र त्याची नव्हती.

चित्रपटनिर्मितीकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी या छापखान्यासाठी मुद्रणाचे काम केले होते. मळवलीच्या छापांतील पौराणिक दृश्यरचना आणि आरंभीचे मूकपट यांतील साम्य लक्षात घेता हा दुवा महत्त्वाचा ठरतो.

विक्रीच्या मालावरील चित्रे

श्लायखरच्या काळात मळवलीच्या छापखान्यात देवदेवतांच्या चित्रांबरोबर व्यापारी लेबले आणि जाहिराती यांची छपाईही वाढली. या वापराला एक व्यावहारिक कारण होते. बहुसंख्य ग्राहकांना अक्षरओळख नव्हती. अशा ग्राहकाच्या लक्षात मालाचे नाव राहत नसे, त्यावरील चित्र राहत असे. दुकानात जाऊन तो अमुक छापाचा माल मागे. छाप हा शब्द मुद्रणाचा ठसा आणि मालाची खूण या दोन्ही अर्थांनी मराठीत रूढ आहे.

मँचेस्टरच्या गिरण्यांकडून येणाऱ्या कापडावर रंगीत लेबल चिकटविलेले असे आणि त्यावर बहुधा भारतीय देवता किंवा पुराणप्रसंग असे. स्वीडन, ऑस्ट्रिया आणि जपान येथून येणाऱ्या आगपेट्यांवरही अशी चित्रे दिसतात. व्हिनोलियासारख्या विलायती साबणाच्या दिनदर्शिकेवर रविवर्मा यांचे चित्र छापले गेले. जर्मनीत त्यांच्या चित्रांवरून चिनी मातीच्या मूर्तीही घडविल्या गेल्या आणि भारतात विक्रीस आल्या. यांतील पुष्कळ चित्रे मूळ चित्राची नक्कल करून, थोडाफार फरक करून काढलेली असत. त्या काळी अशा नकलांना आळा घालणे कठीण होते. नावाचाही असाच उपयोग होई. घाटकोपरच्या रवि उदय या छापखान्याच्या नावातही रविवर्मा यांच्या नावाचा पडसाद ऐकू येतो.

हा बदल केवळ भारतापुरता नव्हता. रंगीत छपाई स्वस्त होताच जगभरचे उत्पादक चित्र असलेली छोटी वस्तू ग्राहकाच्या हाती देऊ लागले. अमेरिकेत व्हाइटहेड अँड होग या कंपनीने १८९६ साली सेल्युलॉइडचे आवरण असलेल्या, पिनेने छातीवर लावायच्या बिल्ल्याचे पेटंट घेतले आणि सिगारेटपासून निवडणुकीतील उमेदवारापर्यंत सर्वांची जाहिरात त्यावरून होऊ लागली. तेथे बिल्ल्याने जे काम केले, ते येथे दिनदर्शिकेने आणि लेबलाने केले. फरक इतकाच, की येथील ग्राहकाने जाहिरातीतील देवता कापून, चौकटीत बसवून पूजेला लावली. कंपनीचे नाव कात्रीखाली गेले आणि लक्ष्मी देव्हाऱ्यात राहिली.

अखेरची वर्षे

१९०४ साली ब्रिटिश सरकारने रविवर्मा यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. त्या वेळी त्यांच्या नावापूर्वी राजा हे उपपद वापरले गेले आणि पुढे तेच रूढ झाले. ते कोणत्याही संस्थानाचे अधिपती नव्हते. जानेवारी १९०५ मध्ये बंधू राजराज वर्मा यांचे निधन झाले. जवळजवळ प्रत्येक प्रवासात आणि प्रत्येक मोठ्या कामात बरोबर असलेला सहकारी गेल्याने रविवर्मा खचले. याच काळात त्यांच्याकडे म्हैसूरच्या राजवाड्यासाठी पौराणिक चित्रांचे काम होते. मधुमेहाने प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी ते चालू ठेवले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

टीका आणि मूल्यमापन

हयातीत मिळालेली कीर्ती त्यांच्या मृत्यूनंतर लवकरच वादाचा विषय झाली. स्वदेशीच्या वातावरणात अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या प्रभावाखालील बंगाली चित्रकारांनी अजिंठा आणि मोगल लघुचित्रे यांच्याकडे वळण्याचा आग्रह धरला. आनंद कुमारस्वामी आणि भगिनी निवेदिता यांनी रविवर्मा यांची शैली परकी, नाटकी आणि आध्यात्मिक उंचीला न पोहोचणारी ठरविली. छापांच्या अतिप्रसारामुळेही त्यांची कला बाजारू म्हणून हिणवली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय दृश्यसंस्कृतीचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा या मताचा फेरविचार झाला.

या वादात एक बाजू बराच काळ दुर्लक्षित राहिली. ज्यांना देवळाचा उंबरठा ओलांडू दिला जात नव्हता, अशा लोकांचा मोठा समाज या देशात होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० सालचा आणि त्रावणकोरचा मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा १९३६ सालचा. त्याच्या कितीतरी आधी या छापांनी पुजाऱ्याची परवानगी न घेता देवतेचे दर्शन घरात आणले. ते छापणाऱ्याचा हेतू व्यापाराचा होता. तरीही कोणाच्या भिंतीवर कोणता देव असावा, हे ठरविण्याचा अधिकार त्यामुळे काही अंशी विकत घेणाऱ्याच्या हाती आला.

संग्रह आणि जतन

रविवर्मा यांची मूळ चित्रे बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा व महाराजा फत्तेसिंह संग्रहालय, तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा कलादालन आणि म्हैसूरचा जगनमोहन राजवाडा येथे आहेत. १९७९ साली भारत सरकारने त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलासंपदेचा दर्जा दिला. त्यामुळे मूळ चित्रे देशाबाहेर विकता येत नाहीत.

छापांची गोष्ट वेगळी आहे. ते जपले गेले ते मुख्यतः घरांत, आणि आता खासगी संग्राहकांकडे. मुंबईच्या चोरबाजारातील जुन्या वस्तूंच्या दुकानांत असे छाप दीर्घकाळ विक्रीस येत आले आहेत. जुना छाप ओळखण्याच्या काही खुणा आहेत. कागदाच्या खालच्या कडेला छापखान्याचे नाव आणि ठिकाण असते. तेथे मुंबई आहे की मळवली, यावरून छापाचा काळ अजमावता येतो. भिंगातून पाहिल्यास शिळामुद्रणाचे ठिपके हाताने दिल्यामुळे अनियमित दिसतात, तर अलीकडील ऑफसेट प्रतीत ते एका ठरावीक जाळीत असतात. जुने रोगण पिवळसर पडते आणि त्यावर बारीक भेगा जातात.

चौकटीत बसविण्यासाठी अनेकदा छापाची कडा कापली जाई आणि तिच्याबरोबर मुद्रकाचे नावही नाहीसे होई. काही घरांत स्त्रियांनी छापातील देवतांना मखमल, जर आणि टिकल्या चिकटवून वस्त्रालंकार चढविले. कोऱ्या स्थितीतील छाप शोधणाऱ्याला हा दोष वाटतो, पण अभ्यासकाच्या दृष्टीने तो छाप कसा वापरला गेला याचा पुरावा असतो. दिनदर्शिका आणि लेबले तर चौकटीतील छापांहूनही दुर्मीळ आहेत, कारण वर्ष संपले की दिनदर्शिका उतरवली जाई आणि गठ्ठा फुटला की लेबल फाटे. मुळात टाकून देण्यासाठीच काढलेली वस्तू कोणीतरी ठेवली म्हणून उरते. ती उरली नसती, तर कोणत्या मालाने कोणते चित्र कधी वापरले हे आज सांगता आले नसते.

मळवलीचा छापखाना श्लायखर कुटुंबाकडे पुढे अनेक वर्षे चालला. १९७२ साली लागलेल्या आगीत त्याची मोठी हानी झाली.

वारसा

रविवर्मा यांच्या जीवनावर रणजित देसाई यांनी मराठीत राजा रविवर्मा ही कादंबरी लिहिली. तिच्या आधारे केतन मेहता यांनी रंगरसिया हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. एर्विन नॉयमायर आणि ख्रिस्टीन शेलबर्गर या अभ्यासकांनी छापखान्याची निर्मिती आणि राजराज वर्मा यांची दैनंदिनी प्रकाशात आणली. त्यामुळे चित्रकाराबरोबर त्याच्या बंधूचे आणि छापखान्याचे कामही अभ्यासाच्या कक्षेत आले.

कमळात उभी असलेली, हत्तीने माळ उंचावलेली लक्ष्मी आणि वीणा घेतलेली, जवळ मोर असलेली सरस्वती ही त्यांची दोन चित्रे आजही दुकानांच्या गल्ल्यावर, वहीपूजनाच्या पाटावर आणि शाळांच्या भिंतींवर दिसतात. त्यांतील बहुसंख्य प्रतींवर चित्रकाराचे नाव नसते.